पाय जमिनीवर ठेवून झाडांची छाटणी

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा लिखित मजकूर)

हातातलं काम थांबवू नका, फक्त कान इकडे असू द्या.

काजू संपला, आंबा उतरला आणि पावसाला पंधरा-वीस दिवस उरले, की आपल्या कोकणातल्या वाड्यावाड्यांमध्ये एकच शोध सुरू होतो. झाडावर चढणारा गडी मिळेल का? कौलांवर आलेली फांदी, गोठ्यावर झुकलेला शेवगा, काजूच्या वाळलेल्या डहाळ्या, सगळं पावसाआधी उतरवायचं असतं. घरातले पुरुष मुंबईला. गावात चढणारे दोन-तीनच उरले, त्यांचंही वय झालेलं. ते येतात तेव्हा घाईत येतात, कोयता चालवतात, दिसेल ते तोडतात आणि पुढच्या घरी जातात.

या कामात बचत गटाला जागा आहे. आमच्या गटातल्या आम्ही चौघी चार वर्षं हे काम करतोय. सुरुवातीला गावात हसले. बायका आता झाडावर चढणार का, म्हणाले. त्यावर आमचं उत्तर तेव्हाही एकच होतं आणि आजही तेच आहे. आम्ही चढत नाही. जमिनीवर दोन्ही पाय टेकून जेवढं करता येतं तेवढंच काम आम्ही घेतो. बाकीच्याला नाही म्हणतो. आज जे सांगणार आहे त्यातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल, हे एक विसरू नका.

मग जमिनीवरून होतं तरी काय, असं कुणी विचारेल. तुमच्याच परसात एक फेरी मारा. काजूच्या खालच्या, जमिनीला टेकणाऱ्या फांद्या. त्यांच्यामुळे बी गोळा करताना वाकता येत नाही. आंब्याच्या कलमांच्या आतल्या वाळक्या काटक्या आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. पेरू, चिकू, लिंबू, शेवगा. गडग्यावरून पाणंदीत आलेलं कुंपण. आणि बांडगूळ. बांडगुळाचं काम एवढं पडलेलं आहे की एका गटाला पुरून उरेल. त्याकडे मी सावकाश येणार आहे.

आधी अवजारं. दुकानात गेलात की दुकानदार आधी पेट्रोलची करवत दाखवेल. तिथे बघायचंसुद्धा नाही. आम्ही सुरुवातीला दोन सिकेटर घेतले, बोटाएवढ्या फांद्यांसाठी. दोन घडीच्या करवती घेतल्या, ज्यांचे दात ओढताना कापतात. मनगटाएवढ्या फांदीला ही करवत पुरते. एक लांब दांड्याची करवत घेतली, तिच्याने बारा-चौदा फुटांपर्यंत हात पोचतो. चार हेल्मेट, चार चष्मे, चामड्याचे हातमोजे, वीस मीटर दोर, करवतीचे दात साफ करायला ब्रश आणि सिकेटरला धार लावायचा दगड. सगळं मिळून दहा हजारांच्या आत बसलं. पैसे गटाच्याच बचतीतून अंतर्गत कर्ज म्हणून घेतले आणि पहिल्या हंगामात फेडले. कोयता मात्र घरी ठेवला. कोयत्याने फांदी तुटते, पण जखम फाटकी होते आणि फाटक्या जखमेत पाणी साचतं.

पोशाखाचं सांगते. साडी नेसून हे काम होत नाही. सलवार किंवा पँट, वर नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात बंद बूट. पहिल्या दिवशी लाज वाटते, चौथ्या दिवशी वाटत नाही.

आता कापायचं कसं. इथे मला आमची चूक सांगितली पाहिजे.

आपण सगळ्या लहानपणापासून राबासाठी कवळ तोडत आलोय. ऐन, किंजळ, जे हाताला येईल त्याच्यावर घाव घालायचा, खुंट राहिला तर राहिला. तीच सवय घेऊन आम्ही पहिल्या कामाला गेलो. एका आजींच्या अंगणात रायवळ आंबा होता, त्यांच्या सासूने लावलेला. त्याची एक खालची फांदी काढायची होती, मांडीपेक्षा थोडी बारीक. आम्ही वरून करवत लावली. अर्ध्यावर गेलो आणि फांदी स्वतःच्या वजनाने खाली बसली. कापून पडली नाही. खोडाची साल हातभर सोलत खाली आली. केळीचं सोपट सोलावं तशी. आजी ओट्यावर बसून बघत होत्या. काही बोलल्या नाहीत, आत निघून गेल्या. आम्ही पैसे घेतले नाहीत, पण पैसे न घेतल्याने साल परत चिकटत नाही.

त्यानंतर आम्ही कृषी सहाय्यकांकडून नीट शिकून घेतलं. जाड फांदीला तीन काप लागतात. पहिला काप खालून. खोडापासून साधारण हातभर अंतरावर, फांदीच्या खालच्या बाजूने करवत लावायची आणि जाडीच्या पाव-एक भाग कापून थांबायचं. दुसरा काप वरून, पहिल्याच्या चार बोटं पुढे, टोकाच्या बाजूला. आता फांदी मोडेल, पण साल फाटत फाटत पहिल्या कापापर्यंत येईल आणि तिथेच अडेल. खोडापर्यंत जाणार नाही. उरला हातभराचा हलका खुंट. तिसरा काप त्या खुंटाचा.

तिसरा काप कुठे घ्यायचा यावर झाडाचं पुढचं सगळं अवलंबून असतं. फांदी जिथे खोडातून निघते तिथे नीट बघा. किंचित फुगलेला, सुरकुत्या पडलेला पट्टा दिसेल. आम्ही त्याला फांदीचा गळा म्हणतो. काप त्या गळ्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. गळ्याला धक्का लावायचा नाही आणि बाहेर खुंटही ठेवायचा नाही. खुंट ठेवला तर तो वाळतो, कुजतो, आणि कूज आत उतरते. उलट, छान गुळगुळीत दिसावं म्हणून अगदी खोडाच्या सपाटीला कापलं तर गळा निघून जातो, आणि जखम भरून काढणारा भाग तोच असतो.

हे पूर्वी बऱ्याच तज्ज्ञांनाही माहीत नव्हतं बरं का. खोडालगत सपाट कापायची पद्धत सर्रास होती. अमेरिकेच्या वनसेवेतले अ‍ॅलेक्स शायगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं उभी चिरून आतली कूज कुठून कुठे जाते ते बघितलं. त्यांना दिसलं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही. झाड त्या कुजलेल्या भागाभोवती आतून भिंत घालतं आणि वरून नवी साल चढवतं. आतलं लाकूड पुन्हा चांगलं होत नाही, ते फक्त बंद केलं जातं. म्हणून काप लहान हवा आणि योग्य जागी हवा.

किती कापायचं? गिऱ्हाईक नेहमी जास्त कापायला सांगतं. पैसे देतोय तर झाड मोकळं दिसलं पाहिजे ना! पण पानं म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. एका वेळी पाव भागापेक्षा जास्त हिरवा पाला आम्ही काढत नाही. शेवग्याची गोष्ट वेगळी, तो शेंगा संपल्यावर कमरेएवढा छाटला तरी पुन्हा फुटतो. आंबा, फणस, चिकू यांचे शेंडे उडवून बोडके केले तर खोडाला ऊन लागतं, साल भाजते आणि मग किडीला दार उघडं. जुन्या कलमांची खोल छाटणी करून बाग पुन्हा फळाला आणता येते, पण ते आमचं काम नाही. तसं कुणी म्हणालं की आम्ही त्यांना कृषी विद्यापीठाची किंवा कृषी विज्ञान केंद्राची वाट दाखवतो.

कापल्यावर बोर्डो पेस्ट लावायची. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, हे प्रमाण. आम्हाला दिवसाला एवढं लागत नाही. दोनशे ग्रॅम मोरचूद रात्री एक लिटर पाण्यात प्लास्टिकच्या बादलीत भिजत घालतो. दोनशे ग्रॅम चुना दुसऱ्या बादलीत एक लिटर पाण्यात विरवतो. चुना उकळतो आणि उडतो, डोळ्याला चष्मा लावा आणि मुलांना लांब ठेवा. चुना थंड झाला की गाळून दोन्ही एकत्र करायचं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं वापरायचं नाही. मिश्रण जमलं की नाही हे बघायला घासलेल्या विळ्याचं टोक त्यात क्षणभर बुडवा. टोकावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, आणखी घाला. पेस्ट त्याच दिवशी संपवायची. ही पेस्ट जखम भरत नाही, जखम झाडच भरतं. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या ओलीत बुरशी लवकर शिरू नये, एवढंच तिचं काम.

आता बांडगूळ. आंब्याच्या झाडाकडे लांबून बघितलं की एखाद्या ठिकाणी पानांचा रंग वेगळा दिसतो. जाडसर, राखाडी झाक असलेली पानं, गुच्छासारखी. जवळ गेलं की फांदीवर गाठ दिसते. हे झाड स्वतःची पानं वापरून अन्न बनवतं, पण पाणी आणि क्षार आंब्याच्या फांदीत मुळी घुसवून ओढून घेतं. बांडगुळाच्या पुढचा फांदीचा भाग हळूहळू वाळतो. पूर्ण झाडावर पसरलं की मोहोर कमी होत जातो, आणि घरचे म्हणतात, झाड म्हातारं झालं. म्हातारं नसतं ते, लुटलेलं असतं.

त्याचा प्रसार करतो फुलटोच्या, आपल्या अंगठ्याएवढा पक्षी. तो बांडगुळाची फळं खातो. बी इतकी चिकट की ती सुटत नाही, म्हणून तो बूड फांदीवर घासतो आणि बी तिथेच चिकटून रुजते. म्हणून एका कलमावर बांडगूळ ठेवून शेजारचं साफ केलं तर उपयोग नाही. शक्यतो पूर्ण बाग किंवा निदान लागून असलेली पाच-सहा घरं एकत्र घ्या. बचत गटाला हे जमतं, एकट्या गड्याला जमत नाही. पाच घरांत जाऊन बायकांना समजावून सांगणं हे आपल्याला येतंच.

काढताना नुसती पानं ओरबाडली तर ते पुन्हा फुटतं, कारण मुळी फांदीच्या आत असते. बारीक फांदी असेल तर गाठीच्या खाली, खोडाच्या बाजूला, हातभर अंतर सोडून फांदीच कापा. तिथेही गळा बघून, मागच्या उपफांदीशी काप घ्यायचा. जाड फांदीवर असेल तर फांदी घालवता येत नाही. मग बांडगूळ तळाशी कापायचं, पटाशीने गाठ खरवडून काढायची, पेस्ट लावायची, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघायला यायचं. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा, नाहीतर पुढच्या वर्षी म्हणतील, तुमचं काम कच्चं. फळं पिकण्याआधी काढलं तर चांगलं, बी पडत नाही. पाला शेळ्या आवडीने खातात, तो टाकून देऊ नका.

झाडाखाली उभं राहून खोडही बघत चला. साल फोडून भुसा बाहेर आला असेल तर आत भिरूड आहे. आम्ही तारेचा आकडा करून छिद्रातून अळी ओढून काढतो आणि छिद्र चिखलाने लिंपतो. औषध घालायचं की नाही ते बागवाल्याने कृषी सहाय्यकांना विचारून ठरवावं, आम्ही औषधाला हात लावत नाही.

आता जपायचं काय ते ऐका. हे ऐकताना मात्र हात थांबवला तरी चालेल.

विजेच्या तारेजवळची फांदी घ्यायची नाही. लांब दांड्याची करवत बहुतेक अ‍ॅल्युमिनियमची असते, तिच्यातून वीज सरळ हातात येते. बांबूचा दांडा घेतला तरी ओला बांबू वीज सोडतो, आणि पानाफांदीतूनही येते. आमचा नियम असा, तारेपासून फांदी दहा फुटांच्या आत असेल तर आम्ही अवजार बाहेरच काढत नाही. मालकाला महावितरणच्या कार्यालयात कळवायला सांगतो. एकदा एका घरी म्हणाले, अहो एकच फांदी आहे, लाइट तशीही गेलीय. लाइट गेलीय म्हणजे तार बंद आहे असं नाही, ती कधीही येते. आम्ही सामान उचलून परत आलो. रिक्षाचे पैसे पदरचे गेले. चौघी संध्याकाळी धडधाकट घरी होतो.

शिडीवर उभं राहून करवत चालवायची नाही. फांदी सुटताना झोका घेते आणि शिडीलाच मारते. कापणारीच्या डोक्यावर फांदी नको, ती बाजूला उभी राहून कापेल. बाकीच्यांनी फांदीच्या दुप्पट लांबीएवढं अंतर ठेवायचं, आणि एकजण फक्त बघण्यासाठी असेल. मुलं, कोंबड्या, आजोबा, मोटारसायकल, सगळं तिने बघायचं. ती थांब म्हणाली की करवत थांबली पाहिजे, मग ती वयाने लहान का असेना. फांदी कौलाकडे जाण्याची शक्यता वाटली तर आधी दोर बांधून दुसऱ्या खोडाला एक वेढा घेऊन धरायचा. जड वाटली तर सोडून द्यायची.

फांदीत हात घालण्याआधी काठीने हलवून बघा. ओंबील तर असतेच, पण हिरव्या पानांत चापडाही बसलेला असतो आणि तो दिसत नाही. खाली पाल्यात फुरसं. पडलेला पाला हाताने नाही, दाताळ्याने ओढा. मोहोळ असेल तर ते झाड त्या दिवशी नाही. पक्ष्याचं घरटं असेल तर ती फांदी पिल्लं उडेपर्यंत नाही.

आणि कामाला सुरुवात करण्याआधी बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा फॉर्म भरा. वर्षाला वीस रुपये खात्यातून कापले जातात, अपघाती मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वाला दोन लाखांचं संरक्षण आहे. जूनपासून वर्ष सुरू होतं, म्हणून मे महिन्यात खात्यात पैसे आहेत ना ते बघा.

परवानगीचं थोडक्यात. आम्ही झाड तोडत नाही, छाटतो, हे प्रत्येक ठिकाणी स्पष्ट सांगतो. महाराष्ट्रात खासगी जमिनीवरची झाडं तोडण्यावर १९६४ च्या कायद्याने बंधनं आहेत, आणि त्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ अशी आपल्या रोजच्या बघण्यातली झाडं आहेत. छाटणीच्या नावाखाली कुणी बुंध्यापर्यंत न्यायला सांगितलं तर ते काम नको. नगरपालिकेच्या हद्दीत १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथे फांदी छाटायलाही आधी अर्ज करायला लावा. झाड बांधावरचं असेल तर दोन्ही शेजारी समोर हवेत. भाऊबंदकीत आपली करवत नको.

दर कसा ठरवायचा, हे सगळ्या विचारतात. आम्ही झाडावर दर सांगतो, पण हिशेब दिवसाचा करतो. समजा तिघी गेलो, प्रत्येकीची मजुरी चारशे धरली, बाराशे झाले. रिक्षा दीडशे. पेस्टचे शंभर. अवजारांची झीज पन्नास. पंधराशे. दिवसात काजूची दहा झाडं साफ होत असतील तर झाडामागे दीडशे पडले. त्यावर गटासाठी तीस, म्हणजे एकशे ऐंशी. तुमच्याकडची मजुरी वेगळी असेल, आकडे बदला, पण रिक्षा आणि झीज विसरू नका. पहिल्या वर्षी आम्ही विसरलो आणि नवी करवत घ्यायची वेळ आली तेव्हा डब्यात काही नव्हतं. आधी झाड बघायला जा, फोनवर दर सांगू नका. फांद्या कोण उचलणार हेही आधी ठरवा. जळण घरमालकाचं, हे बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं, पण बोलून घेतलेलं बरं. वहीत तारीख, झाड, काय कापलं आणि किती घेतलं ते लिहा. मोबाइलवर आधीचा आणि नंतरचा फोटो काढा.

काम वर्षभर सारखं नसतं, हेही खरं. एप्रिल-मे जोरात, पावसात जवळजवळ बंद. पाऊस उघडल्यावर पुन्हा थोडं. यावर एकटीवर घर चालणार नाही. आमच्याकडे ज्यांचं काजू फोडण्याचं किंवा मसाल्याचं काम आहे, त्या त्याच्या जोडीने हे करतात.

नारळाचं काय, असं मागच्या आठवड्यात एका ताईंनी फोन करून विचारलं. नारळावर चढावंच लागतं, त्यामुळे तो आमच्या नियमात बसत नाही. पण चढायचं यंत्र असतं आणि त्याचं रीतसर प्रशिक्षणही असतं. नारळ विकास मंडळाने २०११ साली केरळात असं प्रशिक्षण सुरू केलं आणि तिथल्या कितीतरी बायका ते शिकून नारळ उतरवतात. कुणाला करायचं असेल तर प्रशिक्षण घेऊनच करा, यंत्र विकत आणून अंगणात प्रयोग नको.

आणि पेट्रोलची करवत घ्यायची का, हा दुसरा फोन. आम्ही चार वर्षांत घेतलेली नाही. तिचं टोक लाकडात अडकलं की ती उलटी उसळते, चेहऱ्याकडे. तिला पायाचं वेगळं संरक्षण लागतं, शिकवणारा लागतो, आणि ती हातात आली की आपण मांडीएवढ्या फांद्यांना हो म्हणायला लागतो.

त्या आजींच्या रायवळावर आम्ही दर मे महिन्यात जातो. सोललेल्या जागेच्या कडांनी नवी साल दोन बोटं आत आलीय, मधलं लाकूड अजून उघडं आहे. आजी आधी ते बघायला लावतात, मग चहा. यंदा त्यांनी शेजारच्या तीन घरांचं बांडगूळ आमच्यासाठी ठरवून ठेवलं होतं.

पुढच्या वेळी करवतीला आणि सिकेटरला धार कशी लावायची ते सांगेन. धार लावायचा दगड जवळ घेऊन बसा.